ओपल तापतो तेव्हा

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. रत्नांचे खडे घासणाऱ्या दोन पॉलिशवाल्यांची, मास्तर आणि लंबूची गोष्ट, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं.

मास्तरांच्या हातून ओपल तडकला. आठवड्यातला तिसरा. माणिक चाकावर तापला तरी निभावून नेतो, पण ओपलच्या पोटात पाणी असतं. जरा जास्त गरम झाला की गेलाच. म्हणून तो घासताना सारखा बोटाने चाचपून बघायचा असतो. मास्तर चाचपत होतेच, पण शुगरने बोटं बधिर झालेली. थंड काय न् गरम काय, त्यांना कळेचना.

त्यांनी चाक बंद केलं. "तीस वर्षं झाली, लंबू. उद्यापासून नाही येत मी."

शेजारच्या चाकावरच्या लंबूने काडीच्या टोकाला चिकटवलेला आपला ओपल घासला आणि काडीसकट मास्तरांच्या गालाला लावला.

"कळतंय काही?"

"नाही रे."

"कसं कळेल? एवढं जंगल माजवलंयस!"

त्याने खडा पुन्हा चाकावर टेकवला आणि या वेळी दाढीच्या वर, डोळ्याखाली धरला.

"कोमट आहे," मास्तर हळूच म्हणाले. मग एकदम ओरडले, "अरे, जास्तच कोमट आहे! पाण्यात घाल, गाढवा, आधी पाण्यात घाल!"

लंबूने खडा पाण्यात बुडवला. तडा नव्हता. मास्तर बराच वेळ त्या खड्याकडे बघत बसले.

"मग? उद्या?" लंबूने विचारलं.

"येतो रे बाबा," डोळे पुसत मास्तर म्हणाले. "दाढी करून येतो."