मधले नऊ दिवस

परीक्षक बाई प्रयोगाच्या वहीची पानं उलटत होत्या आणि पोरगी टेबलामागे उभी होती. राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेला देशभरातून दोनशे शाळकरी पोरं आली होती. ज्याच्या टेबलावर परीक्षक निळा बिल्ला ठेवतील, तो शेवटच्या फेरीत. बाईंच्या हातात आता एकच बिल्ला उरला होता.

प्रयोग साधा होता. घराच्या गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या. एकीचा पत्रा पांढरा रंगवायचा, दुसरीचा तसाच ठेवायचा आणि चाळीस दिवस दुपारी दोन वाजता दोन्हीकडचं तापमान लिहायचं. पांढऱ्या पत्र्याखाली आत्याचं शिलाई मशीन होतं. म्हणजे विज्ञानाचा पहिला गारवा घरातच लागला होता.

"चाळीस दिवसांत एकही खाडा नाही?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

"नाही मॅडम."

मागे खुर्चीवर बसलेल्या आत्याला राहवलं नाही. "खाडा पडेलच कसा? ही मामाकडे गेली होती ना, ते नऊ दिवस मी टिपून ठेवलेत की!" तिनं पिशवीतून गिऱ्हाइकांच्या मापांची वही काढली आणि सदऱ्यांच्या, झग्यांच्या मापांमध्ये लिहिलेले आकडे बाईंच्या पुढ्यात धरले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हात आत्याचा होता आणि अवलक्षण भाचीचं.

कारण भाचीनं ते नऊ दिवस परतीच्या गाडीतच अंदाजानं भरून टाकले होते. घरी आल्या आल्या आत्या सांगत होती, "आकडे लिहून ठेवलेत गं." ही म्हणाली, "राहू दे तिकडे." त्या नऊ दिवसांत घराकडे आभाळ भरलेलं होतं, हे मामाकडे उन्हात हुंदडणाऱ्या पोरीला काय ठाऊक?

बाईंनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. भाचीच्या वहीत त्या दिवसांचा दोन खोल्यांतला फरक सहा अंश, साडेपाच, सहा. आत्याच्या वहीत दीड, दोन, दीड.

"हे कसं काय?"

आत्यानं पोरीकडे पाहिलं, मग वह्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. पोरीनं मान खाली घातली. एवढं आत्याला पुरलं.

"माझंच चुकलंय बाई," आत्या म्हणाली. "मी रोज हिला फोनवर आकडे सांगायचे, ते बरोबर होते. वहीत मागाहून आठवून आठवून लिहिलं. तिथे घोळ झाला."

एकवीस वर्षांत जिचं एकही माप अर्ध्या बोटानं चुकलं नव्हतं, ती हे म्हणाली.

"खरं का?" बाईंनी पोरीला विचारलं.

अजूनही वेळ होता. एक शब्द बोलायचा होता, नाही म्हणून.

"हो मॅडम."

"अगं, आकडे जागेवरच लिहायचे असतात, मागाहून आठवून नाही. हे यांना नीट सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं मी," पोरगी म्हणाली. हे तर तिला कुणी बोलायला लावलंही नव्हतं.

"चुकलंच माझं," आत्या हसून म्हणाली.

बाईंनी थोडा विचार केला. मग शेवटचा बिल्ला टेबलावर ठेवला आणि त्या पुढे गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या मुलानं टाळ्या वाजवल्या. पोरीला भयंकर लाज वाटत होती. धरणीनं पोटात घ्यावं, निदान आत्यानं एक कानाखाली तरी द्यावी, असं तिला झालं होतं.

आत्यानं मापांची वही पिशवीत घातली, बाटलीचं झाकण उघडून पाणी तिच्या हातात दिलं.

"आत्या," पोरीच्या तोंडून कसंबसं निघालं.

"अगं, आधी सांगायचं ना," आत्या हळूच म्हणाली, "किती फरक यायला हवा होता ते. मी तेवढाच लिहिला असता."