साई छाया, ३०२

“तुझा प्रोग्राम नक्की करतो काय?” आईने पोहे निवडता निवडता विचारलं.

“वेबसाइटचं नाव घेऊन तिचा पत्ता शोधतो,” उन्नती म्हणाली. “एका नावाचे चार पत्ते निघाले, तर जो आधी उत्तर देईल तिथे जातो.”

दुपारी उन्नतीला बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. विरारमध्ये साई छाया नावाच्या चार बिल्डिंगी आहेत. ते भलत्याच साई छायात शिरले होते. तिथेही ३०२ मध्ये लग्नाची मुलगी निघाली, आणि पसंतही पडली.

“मग बाकीच्या पत्त्यांचं काय करतो गं तुझा प्रोग्राम?” आईने विचारलं.

उन्नतीने गार पोहे पुढ्यात ओढले.

“काही नाही. त्यांच्यात बिघाड नसतो, आई. फक्त तिथवर कोणी पोचत नाही.”