भरली पाटी

कमळाकर पाटीला हात घालायला पुढे झाला, तशी हौसानं त्याला अडवलं.

"ऱ्हाऊ दे. आज माझी मी घेतंय."

रोडपालीच्या मिठागरात मीठ वाहायचं काम जोडीचं. भरलेली पाटी एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही, समोरून कोणीतरी उचलून द्यावी लागते. नवरा-बायको, सासू-सून, जावा-जावा, ज्याची त्याची जोडी ठरलेली. नवरा गेल्यापासून हौसाची जोडी मुलाशी, कमळाकरशी. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर तो तिला पाटी उचलून द्यायचा, तेवढ्या वेळात ती दिवसाचं काम उरकायची.

आता तो मॅट्रिक पास झाला होता. मुंबईच्या कॉलेजात नाव घालायचा उद्या शेवटचा दिवस. दुपारची एस.टी. गाठली तरच पोचणार. भरलेली ट्रंक घराच्या दारात होती आणि हा शहाणा अर्धी चड्डी घालून आगरात येऊन उभा राहिला होता.

"कॉलेजात जाऊन काय शिंगं फुटनार हायत?" सकाळपासून त्याचं हेच पालुपद. "मामलेदार कचेरीत मॅट्रिकवाल्याला घेतात. पनवेल काय लांब नाय. सकाळी तुला पाटी देईन, मंग जाईन."

कॉलेजात काय मिळतं, हे हौसाला तरी कुठं ठाऊक होतं? गावातून कोणी गेलंच नव्हतं. तिच्या माहेरचा, नेऱ्याचा जगन तेवढा गेला होता. त्याचं काय झालं? बूट घालायला लागला आणि गावाला यायचा बंद झाला. कमळाकरही तसाच झाला तर? पण पोरगा नको म्हणतोय ते कॉलेजमुळे नाही, या पाटीमुळे, एवढं तिला न शिकताही कळत होतं. आपल्यापायी त्यानं जन्मभर साहेबांच्या फायली उचलाव्यात, हे तिला सोसणार नव्हतं.

गेले काही दिवस त्याच्या माघारी ती एकटीनं पाटी घेऊन बघत होती. पाटी उंच बांधावर ठेवायची, खाली वाकायचं, डोकं पुढं घालायचं. पाटी हटकून कलंडायची. मीठ चिखलात, वर मुकादमाच्या शिव्या. शेवटी आज तिनं नामी युक्ती काढली. पावसाआधी मिठाच्या राशी झाकायला पेंढा आणून टाकला होता. कमळाकर यायच्या आत त्यातला पेंढा तिनं पाटीत दाबून भरला आणि वर चार ओंजळी मीठ पसरलं. वरून बघणाऱ्याला पाटी शिगोशीग.

"बग," ती म्हणाली.

तिनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली, वाकली, पाटीखाली डोकं घातलं आणि उठली. उठताना कण्हायलाही विसरली नाही. चिखलातून चालत रास गाठली, राशीच्या मागं जाऊन पाटी रिकामी केली आणि पदरानं तोंड पुसत परत आली. घाम मात्र खरा होता.

कमळाकर खाली जमिनीकडे बघत उभा होता. आईला आपली गरज उरली नाही म्हणून पोर खट्टू झालं, असं हौसाला वाटलं. तिला भरून आलं, पण तिनं मन घट्ट केलं.

"माझं काय अडत नाय. हितं ऱ्हाऊन काय मीठ चाटनार हायस?"

"जाऊ मंग?"

"जा."

तो घरी गेला. थोड्या वेळानं धुतलेला सदरा घालून, ट्रंक खांद्यावर घेऊन बांधावरून आला. "येतो, आये," म्हणाला. ती "सांभाळून जा" म्हणाली. तो पुढच्या वळणावर दिसेनासा झाला.

हौसानं पाटी भरली, या खेपेला मिठानं. भरून झाल्यावर ती नुसती उभी राहिली. पलीकडच्या वाफ्यांवर सगळी माणसं जोडीजोडीनं कामाला लागलेली. एकदा हाक मारली तर कोणीही येईल, पण दिवसभर कोण येणार? ती पाटीशेजारी बांधावर बसली. इतकं एकटं तिला नवरा गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

शेजारच्या वाफ्यावरून मालू आपली पाटी टाकून आली. तिनं हौसाच्या पाटीच्या कडा धरल्या.

"ऊठ."

"तुला कोनी बोलावलं?"

"तुज्या कमळाकरनं. मघाशी घरी जाता जाता थांबला. बोलला, काकी, आयेच्या पाटीत पेंढा हाय. पाटी घेऊन चालली तर तिचा पाय चिखलात रुतलाच नाय. तिला हात देत जा."

हौसानं चिखलाकडे बघितलं. बांधापासून राशीपर्यंत तिची मघाची पावलं उमटली होती. कोंबडी चालून गेल्यासारखी, वरच्यावर.

"समजलं व्हतं, तरी गेला?" मालू म्हणाली.

हौसानं पाटीखाली हात घातले. "उचल," ती म्हणाली.

पाटी डोक्यावर चढली. आता तिचे पाय घोट्यापर्यंत आत गेले.

"त्यो बग, वळणापल्याड मोठ्या बांधावर थांबलाय," मालू म्हणाली. "हिकडंच बगतोय."

"बगू दे."

हौसा एकेक पाय उपसत राशीकडे चालू लागली. डोक्यावर भरली पाटी असली की मान वळवता येत नाही, एवढं एक बरं असतं.