मापात पाप

“पाठ फळीला टेक,” थीम पार्कच्या तिकीट-खिडकीतली बाई म्हणाली. टाचणीने पाठ टेकली.

फळीवर जिराफ रंगवलेला होता आणि त्याच्या गळ्यावर एक लाल रेघ. मुलाचं डोकं रेघेखाली राहिलं तर अर्धं तिकीट, वर गेलं तर पूर्ण. टाचणीचे वडील, म्हणजे टेलरमास्तर, श्वास रोखून बघत होते. घरचा हिशोब दोन पूर्ण आणि एक अर्धं असा होता. पोरगी रेघेवर गेली तर एक मोठं माणूस बाहेर बसणार, आणि ते कोण हे सहा महिन्यांपूर्वीच ठरून गेलं होतं. “मग मी बसेन की बाहेर, पिशव्या सांभाळत,” मास्तरांची बायको भाजी चिरता चिरता म्हणाली होती.

आता गंमत अशी, की थीम पार्कचं वेड मुळात तिचंच. आकाशपाळण्यात एकदा बसायचं, हे ती लग्नाआधीपासून मनात धरून होती. पण बाई मोठी खमकी. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात, ही आधी अंथरूणच शिवायला घ्यायची. शाळेला रंग द्यायचा म्हणून एका बुधवारी सुट्टी मिळणार होती, तो बुधवार तिने हेरला. आठवड्याच्या मधल्या वारी तिकीट स्वस्त. जायला पहाटेची पहिली बस, यायला शेवटची, म्हणजे मुक्कामाचा खर्च वाचला. डबे आत नेऊ देत नाहीत, म्हणून फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर पोटभर खाऊनच आत शिरायचं. वर आणि दुकानातल्या कात्रणांच्या पिशव्या शिवून तिने शेजारणींना विकल्या. “अगं, पुरतायत की पैसे, मरमर कशाला करतेस?” मास्तर म्हणायचे. “असू द्या,” एवढंच उत्तर मिळायचं.

मास्तरांच्या वाट्याला एकच काम होतं, पोरीवर नजर ठेवायचं. रेघेची उंची त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने मारून ठेवली होती. दर महिन्याला ते टाचणीला तिथे उभी करायचे आणि दर महिन्याला ती बोटभर खालीच भरायची. त्याच वेळी टेप काढून फ्रॉकचंही माप घ्यायचे. माप मात्र पक्कं असायचं त्यांचं. पोट आत ओढून उभं राहणारं गिऱ्हाईक ते दारातूनच ओळखायचे. “सोडा पोट, साहेब, बटण तुटलं की मलाच शिव्या द्याल,” असं तोंडावर सांगायचे. माझ्या मापात पाप नाही, हे त्यांचं पालुपद.

आणि नेमके घरच्या पोरीचे फ्रॉक तोकडे व्हायला लागले. एक नाही, ओळीने तीन. दुकानातले कारागीर म्हणाले, मास्तर, दिव्याखाली अंधार. मास्तरांनी कापड आटलं म्हणून कापडवाल्याशी भांडण केलं, मग टेप बदलली, शेवटी चष्म्याचा नंबरही तपासून आले. नंबर तोच निघाला. मग मात्र ते मनातून खचले, कारण टेलरची नजर गेली की उरतं काय?

“आहे बोटभर खाली,” खिडकीतली बाई म्हणाली. “अर्धं.”

मास्तरांनी श्वास सोडला आणि पोरीकडे कौतुकाने पाहिलं. अंगात परवाच शिवलेला चौथा फ्रॉक होता. पहाटे बसमध्ये चढताना तोही गुडघ्यांच्या चार बोटं वर दिसला होता. आत्ता तो गुडघ्यांखाली अगदी बरोबर बसला होता, मापाबरहुकूम. मास्तर बघतच राहिले. कापडाआड पोरीचे गुडघे दुमडलेले होते आणि थरथरत होते.

सहा महिने ती त्यांच्यापुढे अशीच उभी राहत होती. भल्याभल्यांची पोटं ओळखणाऱ्या माणसाला वीतभर पोरीने गुंडाळलं होतं. मास्तरांना राग यायला हवा होता, पण त्यांना पोरीचा अभिमानच वाटला. एक क्षण वाटलं, गप्प बसावं. पण आयुष्यभर ज्या गोष्टीची फुशारकी मारली, ती अर्ध्या तिकिटापायी कशी सोडणार?

“ताई, थांबा जरा,” ते खिडकीत म्हणाले. “माप चुकलंय. टाचणे, सरळ उभी राहा, बाळा.”

टाचणी हलली नाही. तिचे डोळे भरून आले.

“नाही राहणार,” ती म्हणाली. “मग आई बाहेर बसेल.”

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आई नाही बसणार बाहेर. मी बसतो. मला तसंही पाळण्यात मळमळतं. राहा सरळ.”

टाचणी हळूहळू सरळ झाली. डोकं लाल रेघ ओलांडून चांगलं तीन बोटं वर गेलं.

“कुणीच बाहेर बसायला नको, दादा,” खिडकीतली बाई नोटा मोजता मोजता थांबली. “वहिनींनी तीन पूर्ण तिकिटांचेच पैसे सरकवलेत मघाशी. मीच जास्तीचे परत काढत होते.”

मास्तर बायकोकडे वळले. ती टाचणीचं नाक पुसत होती.

“तुला माहीत होतं?”

“बोलले असते तर आपल्यापायी जास्तीचा खर्च नको म्हणून ही यायलाच नाही म्हणाली असती,” ती म्हणाली. “आणि माहीत नसायला काय झालं? आधी हिची वेणी मी खुर्चीत बसून घालायचे, आता उभी राहून घालते.”