बाजारच्या दिवशीची पोटदुखी

नेमकी आज बाजारच्या दिवशी तपासणी, आणि वर्गात एकटी वैजयंता. तिलाही वाघचौरे गुरुजींनी सकाळी घरी जाऊन धरून आणलं होतं. बाकीच्या नवांची त्यांना काळजीच नव्हती. ती यंत्रं होती, वेळ चुकवत नसत.

गावात शाळेच्या वयाचं मूल एक वैजयंताच उरलं होतं. तिला सोबत म्हणून जिल्ह्याने ही पत्र्याच्या अंगाची मुलं पाठवली होती. ती खऱ्या मुलांसारखी शिकतात अशी तपासणीच्या साहेबांची खात्री झाली, तरच पटावर धरायची. नाहीतर शाळा बंद, आणि वैजयंता घरी. तिच्या बापाने तसं सांगूनच टाकलं होतं. पण वर्षभर नवांच्या नवांना शंभरपैकी शंभर. "गुरुजी, ही तर गणकयंत्रं," साहेब मागच्या खेपेला म्हणाले होते.

गुरुजींनी चरफडत नऊही जणांना बाजारातल्या आकाशपाळण्यापासून हाकत आणलं. साहेब वर्गात येऊन बसलेच होते.

"कुठं उलथला होतात रे?"

"पोटात दुखत होतं, गुरुजी," पुढचा जमिनीकडे बघत म्हणाला.

"पत्र्याला पोट कुठून आलं?"

त्याने बेंबीच्या जागी हात ठेवला. "बाजारच्या दिवशी वैजूचं दुखतं ना, तिथंच."

वैजयंताने ओढणीत तोंड लपवलं. साहेबांना हसू आवरेना. "गुरुजी, धरा यांना पटावर."

"पटाचं मागनं बघू, साहेब," गुरुजी खेकसले. "आधी अंगठे धरा रे सगळे."