तात्पुरता मुक्काम

"तात्पुरत्या प्राण्यांना इमारतीत ठेवता येणार नाही. सदस्यांचे स्वतःचे पाळीव प्राणी यास अपवाद." सिस्टरनं नोटीस दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचली. "ऐकलंत ना? तात्पुरत्या! जशी काही मी इथे सर्कस उतरवलीय."

तिचा नवरा फरशीवर मांडी घालून बसला होता. गळ्यात पांढरा दोरा बांधलेलं कुत्र्याचं पिल्लू त्याच्या तळहातावर होतं आणि तो ड्रॉपरनं त्याला थेंब थेंब दूध पाजत होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली बोटं; एक थेंब इकडचा तिकडे होत नव्हता. त्याला सगळे घड्याळजी म्हणत.

"हं," घड्याळजी म्हणाले.

"हं काय, हं! कुणीतरी तक्रार केलीय. आणि खाली लिहिलंय, तक्रारदाराच्या विनंतीवरून नाव गुप्त. तोंड लपवून दगड मारायचा, एवढीच अक्कल!"

तीस वर्षं तिनं बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळला होता. निवृत्त झाली तरी सिस्टरच राहिली. आता ती प्राण्यांच्या निवाऱ्यातून व्यालेल्या कुत्र्या घरी आणायची आणि पिल्लं दोन महिन्यांची झाली की आईसकट परत पोचवायची. रीत वॉर्डातलीच. पिल्लांच्या गळ्यात वेगवेगळ्या रंगांचे दोरे, सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, भिंतीवर तक्ता. नाव मात्र कुणाला द्यायचं नाही. "नाव दिलं की जीव अडकतो," ती म्हणायची. "एक ठेवून घेतली की पुढचीला जागा कुठून आणू?"

अशा अकरा परत गेल्या होत्या. अकरावीला पोचवून आल्यावर घड्याळजी दोन दिवस जेवले नव्हते. पित्त झालंय म्हणाले.

ही बारावी. वयस्कर, एक कान फाटलेला, पोटुशी असताना हमरस्त्यावर कुणीतरी सोडून दिलेली. सहा पिल्लं, सोळा दिवसांची. पांढरा दोरा सगळ्यांत अशक्त. आणि रविवारच्या सभेपर्यंत सगळ्यांना बाहेर काढा, असं नोटीस म्हणत होती.

सिस्टरनं निवाऱ्याच्या डॉक्टरला फोन लावला.

"इकडे अजिबात आणू नका," डॉक्टर म्हणाला. "पिल्लांमध्ये साथ आलीय. कालच चार गेली."

"मग काय करू? सातांना टोपलीत घालून झाडाखाली बसू?"

"आईला तुमच्या नावावर करून घ्या. अंगावर पिणारी पिल्लं आईबरोबर धरतात. मग कुणी बोट लावू शकत नाही."

"आणि पिल्लं मोठी झाली की तिला परत द्यायची?"

"सिस्टर, ते दत्तकपत्र आहे. बसचं तिकीट नाही."

तिनं फोन आपटला आणि तशीच तरातरा खालच्या मजल्यावर गेली. तिथे गाण्याचे मास्तर राहायचे. पिल्लं रात्री रडतात म्हणून मागे त्यांनीच कुरकुर केली होती.

"मास्तर, पाठीमागून वार करणं बरं नव्हे."

"अहो बाई, मी काय केलं?"

"तक्रार."

"मी तक्रार केली असती तर तुमच्या दारात उभा राहून, वरच्या पट्टीत केली असती."

"साळसूदपणा पुरे! त्या पांढऱ्याला काही झालं ना, तर तुमच्या पेटीवर आणून ठेवीन."

मास्तरांनी दार लावून घेतलं. सिस्टरची खात्रीच पटली.

दोन दिवस ती भांड्यांवर राग काढत राहिली. घड्याळजी पांढऱ्याला दूध पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातून ते दत्तकपत्र छापून घेऊन आले आणि त्यांनी ते ओट्यावर ठेवलं.

"माझ्या तत्त्वाचं काय?" सिस्टर कडाडली. "कोण कुठला तो नतद्रष्ट, त्याच्यापायी मी नियम मोडायचा?"

"नको मोडूस," घड्याळजी म्हणाले. "पांढऱ्याचं वजन आज नऊ ग्रॅमनं वाढलंय."

तिनं तक्त्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला, खुर्ची ओढली. पहिल्याच रकान्यापाशी पेन अडलं.

"नाव मागतायत मेले."

"लोलक," घड्याळजी म्हणाले. "शेपूट बघ ना तिचं, घड्याळातल्यासारखं झुलतंय."

"हे कधी सुचलं तुम्हाला?"

"आत्ताच."

तिनं नाव लिहिलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. "सही म्हणजे सही. आता ही कुठे जायची नाही. पण त्या माणसाला मी सोडणार नाही."

रविवारी सभेला ती दत्तकपत्र निशाणासारखं धरून गेली. पहिल्या रांगेत मास्तर पाय पसरून बसले होते. त्यांच्या पलीकडच्या दोन खुर्च्यांवर सिस्टर आणि घड्याळजी बसले. तिनं कागद अध्यक्षांसमोर टेबलावर ठेवला.

"तात्पुरती नाही, माझी आहे! काय करायचं ते करा. आणि ज्यानं हे केलं त्यानं ऐकून ठेवावं. बाळंतिणीला घराबाहेर काढायला निघालात, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा!"

कुणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी कागद शांतपणे वाचला.

"नियमात बसतंय. प्रश्न मिटला," ते म्हणाले. "फक्त तक्रारदारांनी तक्रार मागे घेतल्याची सही करायला हवी. इथेच, सगळ्यांसमोर. आता गुप्त ठेवण्यासारखं काही राहिलं नाही."

सिस्टर मास्तरांकडे वळली. "उठा. आता का पाय जड झाले?"

मास्तर हलले नाहीत. तिच्या शेजारची खुर्ची मात्र मागे सरकली. घड्याळजींनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि बायकोकडे न बघता हळूच म्हणाले,

"मास्तर, जरा पाय आत घ्या. मला टेबलापर्यंत जायचंय."