४१४१

रंजीताने स्कूटी मंगरूळपीरच्या एका दवाखान्यासमोर लावली, तीही मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून. मागची प्लेट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे. नंबर ४१४१. चाराचा द आणि एकाचा काना अशा बेताने काढलेला, की कुणीही 'दादा' वाचावं. दादा म्हणजे तिचा नवरा उदयसिंग. घरचे दोन ट्रक, जीप आणि ही स्कूटी, सगळ्यांना त्याने हाच नंबर घेतला होता.

त्यामुळे इंझोरीच्या घरून निघून ती कुठेही थांबली, की ती घरी पोचायच्या आत बातमी पोचायची. वहिनी आज कापडाच्या दुकानात होत्या. वहिनी उसाचा रस पिऊन राह्यल्या होत्या. सांगणारे वाईट नव्हते. ते आपले नंबराला मान देत होते.

आज तिने त्या नंबरालाच पहाऱ्यावर बसवलं आणि स्वतः वाशिमच्या एसटीत चढली.

आरोग्यसेविकेच्या भरतीत तिचं नाव लागलं होतं. कागदपत्रं तपासून घ्यायचा आज शेवटचा दिवस. उदयसिंगने मागे एकदाच सांगितलं होतं, "आमच्या घरची बाई लोकायच्या पोरायले सुया टोचत नाई फिरणार." तो विषय तिथेच मिटला होता. म्हणजे त्याच्यापुरता.

तपासणीच्या खोलीत फोन बंद करायला लावले. टेबलामागच्या बाईंनी प्रमाणपत्रं उलटीपालटी करून पाहिली, शिक्का मारला. "पंधरा दिवसांत पत्र येईल." पत्ता रंजीताने आईचा दिला होता, धनजचा.

बाहेर येऊन तिने फोन सुरू केला. नवऱ्याचे नऊ फोन येऊन गेलेले. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"भाभी, मी एजाज. दवाखान्यासमोरचा रेडियमवाला. तुमच्या प्लेटा मीच बनवतो, तुमचा नंबर तवाचाच हाये माझ्याकडं." तो घाईघाईने बोलत होता. "दादायचा फोन आला होता मले. कोणं तरी त्यायले सांगतलं, गाडी दवाखान्यासमोर हाये म्हणून. त्यायनं दवाखान्यात फोन करून विचारलं, तं तुमी तिथं नाई. मी म्हणलं, प्लेटचं रेडियम निंगालं होतं, गाडी माझ्याकडं कामाले हाये, भाभी आत अम्मीपाशी बसल्या. आता तुमी लगेच फोन करा. अन् हेच सांगा."

तिने तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"बंद काहून होता फोन?"

"चार्जिंग संपली होती. एजाजभाईच्या अम्मीपाशी बसली हाओ. प्लेटचं काम चालू हाये."

 

"मंग आता करूनच राह्यला तं मोठी करायले सांग," उदयसिंग म्हणाला. "दुरून दिसली पाह्यजे."

"हो," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीपाशी जागा मिळाली, पण ती आतल्या बाजूला बसली. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रककडे पदराआडून पाहत राहिली.

मंगरूळपीरला पोचली तेव्हा स्कूटी ढकलत आणून एजाजच्या दुकानासमोर उभी केलेली होती. खोटं खरं दिसावं म्हणून त्याने प्लेट खरोखरच काढून टाकली होती. नवी प्लेट टेबलावर तयार होती, जुनीपेक्षा चांगली चार बोटं रुंद. मोठी करायचा फोन त्यालाही आला होता तर.

आतून त्याची आई अमीनाबी चहा घेऊन आली. तिने खुर्ची पुढे केली, रंजीताच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

"माझ्यासाठी खोटं काहून बोलले तुमी?" रंजीताने विचारलं.

एजाजने पेचकस फडक्याला पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

"ते प्लेट मीच बनवली होती ना, भाभी."

मग त्याने नवी प्लेट उचलली, स्कूटीच्या मागे धरून पाहिली. "लावू?"

रस्त्यावरून दोन मोटरसायकली गेल्या. त्यांवरचा एक जण इंझोरीचा होता, तिने ओळखला. त्याने बिनप्लेटच्या स्कूटीवरून नजर फिरवली आणि तसाच पुढे निघून गेला. थांबला नाही, की रामराम वहिनी म्हणाला नाही.

रंजीताने कप दोन्ही हातांत धरला.

"लावा," ती म्हणाली. "पण हा चहा होऊ द्या."

चहा केव्हाच निवला होता. तरी ती फुंकर घालत, एकेक घोट पीत राहिली.